कुंपणाला झाड कुठलं लावायचं? आधी बघा, शेतात येतं कोण

सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला आणि गोव्यात परत कुंपणाची चर्चा सुरू झाली. हत्ती पेडण्यात आला म्हणून बातमी झाली, पण सत्तरी, सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा इकडे गवे, रानडुकरं, माकडं हा वर्षभराचा त्रास आहे आणि खाली किनाऱ्याकडच्या गावांत मोकाट गुरांचा. सिमेंटचे खांब आणि काटेरी तार घालायची तर खर्च परवडत नाही, आणि घातली तरी आपल्या खाऱ्या दमट हवेत तार काही वर्षांत गंजून हातात तुटते. मग कोणीतरी सांगतो, जिवंत कुंपण करा, झाडांचीच वई घाला.

सल्ला चांगला आहे, मीही तेच सांगेन. पण लगेच पुढचा प्रश्न येतो, झाड कुठलं लावू, आणि उत्तरात एक नाव मिळतं. कोणी म्हणतो गिरिपुष्प, कोणी बांबू, कोणी करवंद. एकच नाव धरून चारी बाजूंनी तेच लावलं की दोन-तीन वर्षांनी माणूस म्हणतो जिवंत कुंपण काही कामाचं नाही. झाड निवडायच्या आधी तीन गोष्टी बघायला लागतात: आत येतं कोण, जमीन कसली आहे, आणि त्या कुंपणातून तुम्हाला आणखी काय पाहिजे. झाडाचं नाव त्यानंतर येतं.

जिवंत कुंपण म्हणजे नक्की काय

यात दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करतात म्हणून गोंधळ होतो. एक म्हणजे जिवंत खांब. सिमेंटच्या खांबाऐवजी झाडाचा जाड फाटा जमिनीत रोवायचा, तो फुटतो, मुळं धरतो आणि मग त्याला तार किंवा बांबूच्या पट्ट्या बांधायच्या. यात अडवण्याचं काम तार करते, झाड फक्त तिला धरून उभं राहतं. दुसरा प्रकार म्हणजे दाट वई, काटेरी किंवा गच्च झुडपं इतकी जवळ लावायची की तारेची गरजच पडू नये. खांब एका पावसाळ्यात उभा होतो, दाट वईला तीन-चार वर्षं लागतात. गोव्यात बहुतेक ठिकाणी दोन्ही मिसळूनच करावं लागतं.

आत येतं कोण?

गुरं सगळ्यात सोपी. गुराला तोंड घालायला जागा मिळाली नाही आणि समोरचा पाला खाण्यासारखा नसला की ते पुढे जातं. अडुळसा, निगडी, मोगली एरंड यांच्या पाल्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे नुसती गुरं अडवायची असतील तर यांची ओळ पुरते.

रानडुकराचं वेगळं. ते खालून येतं, नाक घालून उचकटतं, आणि सुरण, रताळी, कणगी असं जमिनीखालचं काही असेल तर जिद्दीनं येतं. त्याच्यासाठी तुमचं कुंपण वर सहा फूट आहे की आठ फूट याला काही अर्थ नाही, खालचे दोन फूट कसे आहेत तेच महत्त्वाचं. वरून हिरवंगार दिसणारं आणि खाली बुंध्या-बुंध्यांतून आरपार दिसणारं कुंपण डुकराला उघडं दारच आहे. साळिंदराचंही तसंच, ते तर खणूनही येतं.

गवा म्हणजे ताकद. तो दाबून येतो, आणि भारी शरीर असलं तरी उडीही मारतो. काटेरी बांबूच्या जुन्या, गच्च बेटांची रांग किंवा दोन-तीन ओळींची रुंद काटेरी वई त्याला वळवू शकते, एका ओळीचं कुंपण नाही. गवा आपला राज्यप्राणी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला इजा होईल असं काही कुंपणात करणं हा मोठा गुन्हा आहे. घरच्या लाईनीचा करंट तारेत सोडणं तर अजिबात नाही, त्यात जनावरं मरतात तशी माणसंही मरतात.

माकडं आणि हत्ती यांना कुठलंही झाडाचं कुंपण अडवत नाही, हे स्पष्टच सांगायला हवं. उलट माकडांचा त्रास असेल तर माडांच्या, केळींच्या बाजूला उंच झाडांची रांग लावू नका, ती त्यांची ये-जा करायची वाट होते. आणि हत्ती येणाऱ्या पट्ट्यात कडेला बांबू लावणं म्हणजे त्याला जेवण वाढून ठेवणं, बांबू हे त्याचं आवडतं खाणं आहे.

जमीन कसली आहे?

गोव्याचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे कुंपणाच्या झाडाला जूनपासून पाण्यात उभं राहायचं असतं आणि मग जानेवारीपासून मेपर्यंत कोरड्यात. दोन्ही सोसणारी झाडंच टिकतात.

सड्यावर, जांभ्या दगडाच्या जमिनीत माती वीतभर असते. तिथं करवंद, घायपात, निवडुंग ही मंडळी आपल्या आपण उगवलेली दिसतात, त्यांनाच घ्या. कुळागरात, म्हणजे माड-सुपारीच्या बागेत, सावली आणि ओल असते, तिथं अडुळसा, पांगारा, गिरिपुष्प चालतं, आणि पांगारा किंवा गिरिपुष्प असेल तर त्यावर काळी मिरी चढवता येते, म्हणजे कुंपणातूनच पीक. खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतात, मिठाचा प्रश्न, तिथं भेंड आणि केवडा हे खारेपणा सोसतात. बांधाच्या बाहेरच्या बाजूला खारफुटी असेल तर ती लाटांपासून बांध राखते, तिला हात लावू नका, कायद्यानंही ती तोडता येत नाही.

शेजारच्या रानात, जुन्या गडग्याच्या (दगड रचून केलेल्या भिंतीच्या) कडेला काय उगवलंय ते एकदा फिरून बघा. नर्सरीच्या यादीपेक्षा ती यादी जास्त खरी असते.

गिरिपुष्प: चांगलं कशासाठी, आणि कशासाठी नाही

गिरिपुष्प मध्य अमेरिकेतून आलेलं झाड, पण आता कोकणात, गोव्यात सगळीकडे आहे. जानेवारी ते मार्चमध्ये पानं गळून गुलाबी फुलं येतात तेच. त्याचा मोठा गुण म्हणजे फाटा रोवला की फुटतो. दुसरा गुण, त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात. नत्र म्हणजे आपण युरियातून जे घालतो तेच. म्हणून त्याचा पाला छाटून भातात तुडवला किंवा माडाच्या आळ्यात टाकला की फुकटचं हिरवं खत, आणि पाला कुजतोही लवकर.

फाटा घ्यायचा तो मनगटाएवढा जाड, दीड ते दोन मीटर लांब, साल करडी-तपकिरी झालेली. कोवळी हिरवी फांदी कुजते. वरचं टोक तिरकं कापायचं म्हणजे पावसाचं पाणी त्यावर थांबत नाही, आणि खालच्या भागात सालीला दोन-तीन चिरा द्यायच्या म्हणजे तिथून मुळं फुटतात. पहारीनं आधी भोक करायचं आणि मग फाटा दीड फूट आत घालून माती गच्च दाबायची. हातोड्यानं ठोकून बसवायला जाऊ नका, टोकाची साल फाटते आणि झाड तिथूनच मरतं. मेच्या शेवटी, पहिल्या सरींच्या तोंडावर लावणं सगळ्यात चांगलं. आणि पहिलं वर्षभर तरी त्याला खिळा ठोकू नका, मूळ धरायच्या आत तार ताणली की खांब वाकतो.

पण गिरिपुष्प हा खांब आहे, वई नाही. त्याला काटे नाहीत, खालून ते मोकळं राहतं, नुसत्या गिरिपुष्पाच्या रांगेतून डुक्कर आरामात जातं. त्याच्याकडून जे होत नाही ते त्याच्याकडून मागायचं आणि मग नाव ठेवायचं, हे त्या झाडावर अन्याय करणं आहे.

करवंद: सावकाश, पण पक्कं

डुकरांसाठी मला विचाराल तर पहिलं नाव करवंद. काटे कडक, फांद्या एकमेकांत अडकणाऱ्या, बारमाही हिरवं, दगडात वाढणारं, एकदा धरलं की पाणी मागत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये फळं. लोणचं, सरबत, बाजारात विकायला वाटे, जे पाहिजे ते. हे आपलं इथलंच झाड आहे.

अडचण एकच, ते हळू वाढतं. बी ताजंच पेरायला लागतं, साठवलेल्या बीची उगवण पटकन कमी होते. मे-जूनमध्ये पिकलेल्या फळाचं बी काढून पिशव्यांत पेरा, वर्षभर रोपं सांभाळा आणि पुढच्या पावसात लावा. दोन ओळी, एकमेकींपासून दोन-तीन फुटांवर, आणि रोपं समोरासमोर न लावता एका ओळीतल्या दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर दुसऱ्या ओळीतलं रोप.

लोकांचा जीव होत नाही ती गोष्ट इथंच करायची असते. रोप फूटभर झालं की शेंडा कापायचा. परत दोन फूट झालं की परत कापायचा. वाढू दिलं तर ते वर जाईल आणि खालून उघडं पडेल, शेंडा मारला की खालूनच फांद्या फुटतात. उंची नंतर कधीही मिळते, खालचा दाटपणा नंतर मिळत नाही. निगडी, मेंदी, जास्वंद, कुठल्याही वईला हे लागू आहे.

बाकीची झाडं, थोडक्यात

काटेरी बांबू गव्यासाठी सगळ्यात ताकदवान, पण तो दोन-तीन मीटर रुंद जागा खातो, म्हणून जंगलाच्या बाजूलाच आणि जमीन मोठी असेल तरच. आपला मानगा बांबू बिनकाट्याचा, तो अडवत नाही, पण वारा थोपवतो आणि काठ्या विकता येतात. खाजगी जमिनीतला बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन कायद्यात झाड धरला जात नाही.

घायपात खालची फट बुजवायला उत्तम, पानांची टोकं सुईसारखी, पाणी नको, आणि पानांत रस असल्यामुळे उन्हाळ्यात पटकन पेटत नाही. हा मुद्दा गोव्यात हलका नाही, मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला किती आगी लागल्या ते आठवा. सुकलेल्या काट्यांची वई आगीला वाट देते, रसाळ झाडांची ओळ तिला थोडं तरी रोखते.

चिल्हार आणि सागरगोटा यांचे काटे आकड्यासारखे, अडकलेलं जनावर मागे फिरतं. पण ही वेलीसारखी पसरतात, दरवर्षी कोयता चालवायची तयारी नसेल तर नको. पांगारा देखणा, नत्र धरणारा, फाट्यानं येणारा, पण गेल्या वीसेक वर्षांत त्याच्या पानांवर गाठी आणणारी एक बारीक माशी पसरली आहे, म्हणून पूर्ण कुंपण त्याचं करू नये. शेवगा खांब म्हणून चालतो पण लाकूड ठिसूळ, वाऱ्यात मोडतं. शेर आणि निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, छाटताना चष्मा घाला. मोगली एरंडाच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या खातात आणि विषबाधा होते, म्हणून घराजवळ, शाळेजवळ, अंगणवाडीजवळ तो नकोच.

एकाच जातीचं का नको

गडगा रचताना नुसते मोठे दगड ठेवले तर मध्ये फटी राहतात आणि नुसत्या चिपा ठेवल्या तर तो कोसळतो, दोन्ही लागतात. कुंपणाचं तसंच आहे. दर पाच-सहा फुटांवर गिरिपुष्प किंवा पांगाऱ्याचा खांब, मध्ये करवंद, आणि अगदी खाली जिथं फट राहते तिथं घायपात, असं मिश्रण केलं की प्रत्येक झाड आपापलं काम करतं.

दुसरं कारण रोगाचं. एकच जात असली की एका किडीत सगळं कुंपण जातं. काटेरी बांबू तर कित्येक दशकांनी एकदा फुलतो आणि फुलून मरतो, पट्टाच्या पट्टा एकदम.

हे काही नवीन नाही. इंग्रजांच्या काळात मिठाची चोरटी ने-आण अडवायला उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून एक जकात रेषा काढलेली आणि तिच्या बऱ्याच भागावर जिवंत काटेरी कुंपण वाढवलेलं. चांगलं जमलेल्या ठिकाणी ते दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट रुंद होतं. १८७९ मध्ये ती रेषा बंद झाली. गरिबाच्या मिठावर कर घेण्यासाठी केलेलं ते काम वाईटच, पण झाडांच्या बाबतीत शिकण्यासारखं आहे: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर, जिथं जमिनीत जे जगेल तिथं ते लावलेलं. सगळीकडे एक झाड चालत नाही हे त्यांनाही मान्य करावंच लागलं.

ही लावू नका

घाणेरी, सुबाभूळ, वेडी बाभूळ. तिन्ही बाहेरून आलेली आणि तुमच्या कुंपणात न थांबणारी. घाणेरीची फळं पक्षी खातात आणि बी रानभर टाकतात, गुरांना तिचा पाला विषारी. सुबाभळीच्या शेंगा तडकून खाली रोपांचं गवत उगवतं. रानमोडी कोणी मुद्दाम लावत नाही, पण कुंपणात घुसली तर उपटा, ती उन्हाळ्यात सुकून सरपणासारखी पेटते. गिरिपुष्पही परदेशीच आहे, म्हणून शेंगा पिकायच्या आत छाटणी करा म्हणजे ते पसरणार नाही.

"पण कुंपणच शेत खाईल त्याचं काय?"

ही म्हण इथं अक्षरशः लागू होते आणि शंका रास्त आहे. झाडं सावली टाकतात, मुळं खत-पाणी ओढतात. सावलीचं गणित असं: सरदीच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे फारसा फरक नाही. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं पीक, घेता तेव्हा मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावली उत्तरेला पडते, म्हणजे शेताच्या दक्षिण कडेचं कुंपण तुमच्याच पिकावर सावली टाकतं. तिथं कमरेएवढी वई ठेवा, उंच झाडं उत्तरेच्या कडेला.

मुळांसाठी कुंपणापासून तीनेक फूट आत दीड-दोन फूट खोल चर मारा आणि वर्षातून एकदा त्यात आलेली मुळं तोडा. छाटलेला पाला शेतातच घाला. वर्षातून दोन-तीनदा छाटणी ठेवली तर कुंपण शेताला देणारं होतं, सोडून दिलं तर खाणारं.

"तीन वर्षं थांबायला वेळ कुणाला आहे?"

थांबायचं नाहीच. आज आहे ती सुक्या काट्यांची वई तशीच ठेवा आणि तिच्या आतल्या बाजूला रोपं लावा. सुकी वई रोपांना राखते, रोपं मोठी होईपर्यंत ती कुजून जाते.

सोलर कुंपण घातलं असेल तर त्याचा करंट थोडा थोडा, झटक्यानं येणारा असतो, जनावर दचकतं पण मरत नाही. पण ओला पाला तारेला टेकला की करंट जमिनीत उतरतो आणि कुंपण निकामी. पावसाळ्यात नेमकं हेच होतं आणि लोक म्हणतात बॅटरी खराब. म्हणून सोलर तार आणि जिवंत वई यांच्यात तीन-चार फूट मोकळी जागा ठेवा, तार बाहेर, वई आत. कुंपणावरच्या अनुदानाच्या अटी बदलतात, काही विकत घ्यायच्या आधी विभागीय कृषी कार्यालयात जाऊन विचारा.

"वईत साप येतात"

येतात, हे खरं. गच्च वईत साप असतात, मुंगूस असतं, सरडे, पक्षी असतात, आणि तेच भातातले उंदीर आणि किडे खातात. शेताच्या कडेला मला हा फायदा वाटतो. पण घराला लागून, मुलं खेळतात त्या बाजूला दाट वई नको, तिथं गडगा किंवा तारच बरी, आणि दोन्हीकडे गवत साफ.

कागद, शेजारी आणि जनावरांची वाट

लावण्याआधी फॉर्म १ व १४ (गोव्यातला जमिनीचा उतारा) आणि सर्व्हेचा नकाशा काढून हद्द बघा. हद्दीवरच झाड लावू नका, ते जाड होतं, हातभर तरी आत लावा. कूळ म्हणून जमीन कसत असाल किंवा जागा कोमुनिदादची (गावाच्या सामूहिक मालकीची) असेल तर आधी बोलून घ्या, झाड एकदा मोठं झालं की वादाचं कारण तेच होतं. आणि झाड तोडायचं म्हटलं तर गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, परवानगी लागते. म्हणून छाटणी वेळेवर करा म्हणजे तोडायची वेळ येत नाही.

भातशेती सलग असेल तर प्रत्येकानं आपल्या कोपऱ्याला वई घालण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून पूर्ण पट्ट्याला एक घालावी, लांबी कमी होते आणि राखायला माणसं जास्त मिळतात. पण ती करताना ओहोळ आणि जनावरांची जुनी पायवाट बंद करू नका. गव्यांचा कळप पाण्याकडे जायची वाट वर्षानुवर्षं तीच धरतो, ती बंद केली तर तो कुंपण फोडेल किंवा शेजाऱ्याच्या शेतात शिरेल, आणि खरं तर ती वाट आपल्या शेताच्या आधीची आहे. दोन शेतांच्या मधून ती मोकळी ठेवून दोन्ही बाजूंना वई घाला.

सगळ्यात कमजोर जागा असते फाटकाची. उत्तम वाढलेल्या वईत माणसाच्या जाण्यायेण्याला सोडलेली जागा नुसत्या फांदीनं बंद केलेली असते, आणि डुक्कर तिथूनच आत येतं. तिथं जमिनीला टेकलेलं, आडव्या वाशांचं घट्ट बेडं बसवा, पाणी जायच्या मोरीला जाळी लावा, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना पहिली पाच-पाच रोपं सगळ्यात दाट लावा.